बारावा महिना मागून घे

पत्राचा सारांश: पत्रलेखिका २४ वर्षांची, गाव धाराशिव जिल्ह्यात. वडील विकास सोसायटीचे गटसचिव, घरची थोडी कोरडवाहू जमीन, आई आशा कार्यकर्ती. पुण्यात अर्थशास्त्रात एम.ए. केल्यावर तिने राज्यसेवेचे दोन अटेम्प्ट दिले. एकदा पूर्व निघाली, मुख्य राहिली. आता दिल्लीतल्या एका धोरण संशोधन संस्थेत रिसर्च असोसिएटच्या जागेसाठी ती पहिल्या चाळणीतून पुढे गेली आहे. कॉन्ट्रॅक्ट ११ महिन्यांचं, महिना ४५ हजार. आपल्या राज्यातली एक सरकारी योजना घेऊन इंग्रजीत हजार शब्दांचं विश्लेषण दोन आठवड्यांत पाठवायचं आहे. तिने स्टार्टअप धोरण निवडलंय, कारण “पीकविमा वगैरे आमच्याकडचं काय लिहिणार? तिथे सगळे परदेशातून शिकून आलेले.” इंग्रजीची धास्ती आहे. वडील विचारतात, “ही नोकरी की शिकाऊ उमेदवारी? पर्मनंट कधी होणार?” मैत्रीण म्हणते, आधी पब्लिक पॉलिसीची पदवी घे, त्यासाठी कर्ज काढ. तिसरा अटेम्प्ट द्यावा, दिल्लीला जावं, की शिकावं, हा तिचा प्रश्न.

प्रिय मैत्रिणी,

आधी असाइनमेंटचं बघू, कारण तिला तारीख आहे. स्टार्टअप धोरण आजच बाजूला ठेव. तो विषय घेणारे तुझ्याबरोबर बरेच असतील आणि त्यातल्या काहींनी स्टार्टअपमध्ये प्रत्यक्ष काम केलेलं असेल. तू चार अहवाल वाचून लिहिलंयस, हे तपासणाऱ्याला तिसऱ्या ओळीत कळेल. पीकविम्याचं उलट आहे. दिल्लीत बसून लिहिणाऱ्याला जे शोधायला महिना लागेल, ते तू घरी जेवताना ऐकत आली आहेस.

कसं ते बघ. पंतप्रधान पीकविमा योजना २०१६च्या खरिपात सुरू झाली. महाराष्ट्राने २०२३च्या खरिपापासून शेतकऱ्याचा हप्ता एक रुपयावर आणला आणि बाकीचा भार स्वतः उचलला. अर्जांचा पाऊस पडला, त्यात बोगस अर्जही निघाले, आणि २०२५च्या खरिपापासून एक रुपयाची योजना गुंडाळली गेली. आता खरिपाला विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड आणि नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्याने भरायचा. सगळी ओरड झाली ती या एक रुपयावरून. त्याच वेळी झालेल्या दुसऱ्या बदलाकडे मात्र फार थोड्यांनी पाहिलं. स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, काढणीनंतरचं नुकसान हे भरपाईचे वेगळे निकष निघून गेले. उरलं फक्त पीक कापणी प्रयोगांतून, म्हणजे निवडक शेतांतलं पीक कापून, मोजून निघणारं महसूल मंडळाचं (काही गावांच्या गटाचं) सरासरी उत्पादन.

आता कागद घे आणि हिशोब मांड. समजा तुमच्या मंडळात सोयाबीनची गेल्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी हेक्टरी १० क्विंटल आहे. जोखीमस्तर ७० टक्के, म्हणून उंबरठा उत्पादन ७ क्विंटल. यंदा मंडळाची सरासरी साडेसात आली तर भरपाई शून्य, मग तुमच्या रानात सोयाबीन कुजून एक पोतंही घरी आलेलं नसो. सरासरी ५.६ आली तर तूट १.४ क्विंटल, म्हणजे उंबरठ्याच्या २० टक्के, आणि विमा संरक्षित रकमेतलेही तेवढेच टक्के मिळणार. पुढे जा. ज्या मंडळात सातपैकी तीन वर्षं वाईट गेली, तिथे ‘चांगल्या पाचां’त एक वाईट वर्ष शिरतंच, सरासरी उतरते आणि उंबरठाही उतरतो. पाऊस जिथे जास्त वेळा दगा देतो, तिथेच भरपाईला पात्र व्हायला नुकसान जास्त व्हावं लागतं! हे शासन निर्णयात कुठेही लिहिलेलं नाही. गणित केल्यावरच दिसतं.

यात २०२५च्या सप्टेंबरातला सीना नदीचा पूर आण. काठाची शिवारं पाण्याखाली आणि त्याच मंडळातलं उंचावरचं रान त्या मानाने बरं, असं चित्र तुझ्या ओळखीचं असेल. जुन्या नियमात काठावरच्या शेतकऱ्याला ७२ तासांत कळवून स्वतःचा वेगळा दावा करता येत होता. नव्या नियमात तो मंडळाच्या सरासरीत विरघळतो. ज्याला धोरण विश्लेषण म्हणतात ते बहुतांशी असंच असतं: नियम वाचायचा, तो एका माणसावर लावून बघायचा आणि कुठे अडतो ते सांगायचं.

एवढ्यात हजार शब्द होतात. विमा कंपनीच्या नफ्या-तोट्याला मर्यादा घालणारा ८०:११०चा बीड पॅटर्न, केंद्र-राज्याचा हिस्सा, उपग्रहाने उत्पादन मोजणं हे सगळं कोंबायचा मोह होईल, राज्यसेवेच्या अभ्यासाची ती सवयच आहे. माहीत असलेलं सगळं उतरवलं की मार्क मिळतात, असं तिथे वाटतं. इथे एक प्रश्न धरून शेवटपर्यंत जायचं. शिफारसही एकच कर. उदाहरणार्थ, पूररेषेलगतच्या गटांपुरता स्थानिक आपत्तीचा निकष परत आणता येईल का? मग त्याचा जादा हप्ता कोण भरणार, पंचनामा कोणत्या कार्यालयाने किती दिवसांत करायचा आणि विमा कंपनी कशावर बोट ठेवेल, ते लिही. ‘जनजागृती करावी’ आणि ‘अंमलबजावणी प्रभावी व्हावी’ ही दोन वाक्यं लिहायचा हात शिवशिवला तर पेन खाली ठेव. विरोध कोण करेल आणि त्यात तथ्य किती, हे ज्या उमेदवाराने लिहिलेलं असतं त्याचा कागद बाजूला काढला जातो. आणि पाठवण्याआधी वडिलांशी बस. कर्जदार शेतकऱ्यांचा विमा सोसायटी आणि बँकेमार्फत जातो, कोण सहभागी झालं आणि कोणी नकार लिहून दिला ते गटसचिवाच्या टेबलावर दिसतं.

आता धास्तीकडे येऊ. ‘तिथे सगळे परदेशातून शिकून आलेले’ हे अगदीच खोटं नाही. दिल्लीतल्या मोठ्या संस्थांत ठरावीक कॉलेजांची गर्दी असते, बोलण्यात एक सफाई असते, आणि पहिले काही महिने जेवणाच्या टेबलावर तुला आपण परके आहोत असं वाटेल. पण काम सुरू झालं की दिवस जातो तो शासन निर्णय वाचण्यात, अर्थसंकल्पाच्या पुस्तकांतून लेखाशीर्ष शोधण्यात, गचाळ एक्सेल फाइल साफ करण्यात, जिल्ह्याच्या कार्यालयात फोन लावण्यात आणि वरिष्ठाने लाल करून पाठवलेला मसुदा पुन्हा लिहिण्यात. महाराष्ट्राचे शासन निर्णय मराठीत, तालुक्याच्या पातळीवरचे रजिस्टर मराठीत, सहायक कृषी अधिकाऱ्याचं बोलणं मराठीत. ते न अडखळता वाचणारा आणि ऐकणारा माणूस त्या टेबलावर बहुधा एकही नसतो. मुलाखतीत ही गोष्ट संकोचून सांगू नकोस, कौशल्य म्हणून सांग.

इंग्रजी सुधारायला हवंच, त्यावर पांघरूण घालत नाही. त्यासाठी क्लास लावू नकोस. ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर मराठी आणि इंग्रजी अशी दोन्हींत निघते. कृषी आणि संलग्न कार्यांचं प्रकरण दोन्ही भाषांत शेजारी ठेव आणि रोज एक पान मराठीतून स्वतः इंग्रजीत लिहून मग छापील इंग्रजीशी ताडून बघ. सरकारी इंग्रजी काही फार देखणी नसते, पण या क्षेत्रातले शब्द आणि वाक्यांची ठेवण हातात बसते. लहान वाक्यं लिही. धोरणाच्या नोटमध्ये अलंकारिक इंग्रजीचं कौतुक कोणी करत नाही, उलट कापतात.

वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर सोपं नाही, पण त्यांना कळेल अशा ठिकाणाहून सुरुवात करता येईल. पुण्याची गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्था १९३०ची. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. गावं आणि शेतीची पाहणी करणं, आकडे गोळा करणं, त्यावरून धोरण काय असावं ते सांगणं हे संस्थेचं काम. तेच गाडगीळ विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यात उतरले आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले, पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्षही. सहकारात आयुष्य गेलेल्या माणसाला गाडगीळांचं नाव परकं नसतं. ‘थिंक टँक’ म्हणून जे दिल्लीत चालतं त्याचं मराठी घराणं एवढं जुनं आहे, हे त्यांना सांग. मग त्यांचा दुसरा प्रश्न राहतो, पर्मनंटचा. तिथे खोटी आशा लावू नकोस. या क्षेत्रात कायम नोकऱ्या फार थोड्या. बहुतेकांची पहिली काही वर्षं एका प्रकल्पाकडून दुसऱ्याकडे जाण्यात जातात.

त्याचं कारण पैसा. या संस्था चालतात त्या देणग्यांवर आणि प्रकल्पांच्या अनुदानावर, आणि ते अचानक आटू शकतात. दिल्लीचं सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च १९७३चं, देशातल्या नामांकित संस्थांपैकी एक. सप्टेंबर २०२२मध्ये तिथे प्राप्तिकर विभागाचं सर्वेक्षण झालं, फेब्रुवारी २०२३मध्ये परदेशी देणगीचा परवाना स्थगित झाला, जानेवारी २०२४मध्ये रद्द झाला. सरकार आणि संस्था यांच्यातला वाद बाजूला ठेव. तुझ्यासारखीने लक्षात घ्यायचं ते हे, की पैसे थांबल्यावर तिथल्या बहुसंख्य संशोधकांना बाहेर पडावं लागलं, आणि त्यांच्या कामाच्या दर्जाचा त्याच्याशी संबंध नव्हता. शिवाय परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेला वळती करता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. लहान संस्थांची त्याने फार ओढाताण होते.

म्हणून ऑफर आली तर विचार: माझा पगार कोणत्या प्रकल्पातून निघणार आणि तो प्रकल्प कधी संपतो? मी कोणाच्या हाताखाली काम करणार? अहवालावर माझं नाव असेल का? मला कर्मचारी म्हणून घेणार की सल्लागार म्हणून? सल्लागार म्हणून घेतलं तर बहुधा १० टक्के टीडीएस कापला जाईल, भविष्य निर्वाह निधी नसेल आणि आजारपणाची रजाही नसेल. टीडीएस रिटर्न भरून परत मिळू शकतो, पण तोवर हातात ४५ नव्हे, साडेचाळीस हजार येतात. दिल्लीच्या खोलीचं भाडं त्या आकड्यावर बसवून बघ, घरी काही पाठवायचं असेल तर तेही. हे विचारलं म्हणून कोणी ऑफर मागे घेत नाही. घेतलीच, तर बरं झालं म्हण.

आणि बारावा महिना माग. याच्या मागे एक हिशोब आहे. महाराष्ट्र शासनाच्या मुख्यमंत्री फेलोशिपसाठी वय २१ ते २६ लागतं, पदवीला प्रथम श्रेणी आणि एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव लागतो, शिवाय मराठी लिहिता-बोलता यावी लागते. निवडलेले ६० जण राज्याच्या प्रशासनात वर्षभर काम करतात. आज तुझ्याकडे अनुभव नाही, म्हणून तो दरवाजा बंद आहे. ११ महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टने एक महिना कमी पडून तो बंदच राहील. १२ महिने मिळाले, तर पुढच्या वर्षी २५व्या वर्षी तू अर्ज करू शकतेस. संस्थेला एक महिना वाढवून देणं फारसं जड नसतं. नाहीच म्हणाले, तर अनुभवात इंटर्नशिप धरतात का ते त्या वर्षीच्या जाहिरातीत बघून गावाजवळच्या एखाद्या संस्थेत महिनाभराचं काम जोडून घे.

दुसरा असाच वयाचा दरवाजा म्हणजे संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या दिल्लीच्या पीआरएस या संस्थेची लॅम्प फेलोशिप. २०१०पासून ती तरुण पदवीधरांना खासदारांबरोबर संसदेच्या कामासाठी जोडून देते, पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत. प्रश्न तयार करणं, विधेयकावर टिपण लिहिणं, भाषणाला आकडे पुरवणं हे काम. वयाची मर्यादा २५. कायदा शिकलेल्या वाचकांनी हिच्याकडे जरूर पाहावं. तुझ्या बाबतीत दिल्लीची नोकरी हातात असेल तर तिच्यामागे धावू नकोस.

राज्यसेवेची खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ आहे, मागासवर्गीयांना ४३. तू पत्रात तिसरा अटेम्प्ट ‘आता नाही तर कधीच नाही’ अशा सुरात लिहिला आहेस. नियम तसं म्हणत नाही. घाई आहे ती वर सांगितलेल्या फेलोशिपांची. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, आणि वर्षभर रोज कोणीतरी तुझं लिखाण कापणार असेल तर त्याहून चांगली तयारी कोणता क्लास देणार? फक्त दोन्ही एकदम करू नकोस. नोकरी करून रात्री अभ्यास, अशी प्रतिज्ञा घेणाऱ्यांचा अभ्यासही राहतो आणि नोकरीतलं नावही जातं. एक वर्ष सोड. परत यावंसं वाटलं तर ये. आणि गेली वर्षं वाया गेली असं बायोडेटात लपवायची गरज नाही. राज्यघटना, पंचायत राज, राज्याची अर्थव्यवस्था हे तुझं पाठ आहे, ते तिथल्या पुष्कळांना गूगल करावं लागतं.

मैत्रिणीच्या सल्ल्याबद्दल: आत्ता कर्ज काढू नकोस. पब्लिक पॉलिसीचे चांगले अभ्यासक्रम देशात आहेत, आयआयटी मुंबईत, बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये. पण तुझ्याकडे अर्थशास्त्राची एम.ए. आहे. वर्षभर काम केल्यावर तुला कळेल की आपल्याला आकडेशास्त्र कमी पडतंय, कायदा कमी पडतोय की काहीच नाही. मग शीक. अगदीच हुरहूर लागली तर तक्षशिला इन्स्टिट्यूशनसारख्या संस्थेचा तीन महिन्यांचा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स नोकरी करता करता होतो. पुढे पीएच.डी. किंवा परदेशी शिक्षणाचं मनात आलं तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या आणि समाजकल्याण विभागाच्या योजना आधी चाळ, कर्ज सगळ्यात शेवटी. ‘फेलोशिप’ नाव लावून उमेदवाराकडूनच मोठी फी घेणाऱ्या जाहिरातीही फिरतात. जिथे पैसे तुझ्याकडून त्यांच्याकडे जातात, तो कोर्स समजायचा आणि कोर्सच्या भावानेच त्याची किंमत करायची.

अशीच पत्रं आणखी काही जणांची आहेत, त्यांच्यासाठी थोडं. ज्यांना दिल्ली शक्य नाही त्यांनी महाराष्ट्रातल्या संस्था नीट पाहाव्यात. पुण्याची प्रयास वीजदर आणि ऊर्जेच्या प्रश्नावर अनेक वर्षं काम करते आहे, एन्रॉनच्या करारातलं गणित उलगडून दाखवण्यात ती पुढे होती. मुंबईत प्रजा फाउंडेशन महापालिकेच्या कारभाराचे आकडे मांडते, ‘समर्थन’ ही संस्था राज्याच्या अर्थसंकल्पाचा अभ्यास करते. इंजिनिअर असाल आणि पाणी-शेतीत रस असेल तर आयआयटी मुंबईचं ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणारं सितारा केंद्र बघा. या ठिकाणी जाहिरातीची वाट पाहण्यापेक्षा त्यांचा एखादा अहवाल वाचून, त्यातला एक मुद्दा पकडून दीड पानाचं टिपण पाठवणं जास्त उपयोगी पडतं. आणि नमुना म्हणून दाखवायला काहीच नसेल तर वीज नियामक आयोगाच्या दरवाढीवरच्या जनसुनावणीत हरकत दाखल करा. ती कोणालाही करता येते, नोंदीत राहते, आणि तिच्यातलं गणित तुमचं असतं.

तुझ्यासाठी शेवटचं एक. असाइनमेंट पाठवताना सोबतच्या मेलमध्ये इंग्रजीबद्दल माफी मागू नकोस. हिशोबाची एक्सेल शीट जोड, मंडळाच्या उत्पादनाचे आकडे कुठून घेतले ते तिच्यातच लिही. कॉन्ट्रॅक्टच्या महिन्यांचा विषय ऑफर हातात आल्यावर काढ, त्याआधी नको.